रेसिंगच्या गाड्यांचं वजन आणि आकार: खरंच जड कोण, आणि नुसतं कागदावर जड कोण?

वळणवेडा

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न एकदाचा इथे टाकतोय.

वेगवेगळ्या मालिकांचे किमान वजनाचे आकडे शेजारी शेजारी मांडले की माझा गोंधळ उडतो. फॉर्म्युला वनची गाडी २०२५ साली ८०० किलो, २०२६ च्या नव्या नियमांत ७६८. अमेरिकेतल्या इंडीकारचा माझ्याकडे २०१८ चा आकडा आहे, तो साधारण ७३५. विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ईची जेन-३, म्हणजे तिसऱ्या पिढीची गाडी ८४०. ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या हायपरकारला १०३०. जागतिक रॅलीतली रॅली-१ आता ११८०. नॅसकार कपची गाडी १४५० च्या आसपास.

यावरून इंडीकार फॉर्म्युला वनपेक्षा हलकी असं म्हणायचं का? माझा एक मित्र छातीठोकपणे तसं म्हणतो. मला पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला समजावता येत नाही.

दुसरं, फॉर्म्युला वनची गाडी साडेपाच मीटरच्या आसपास लांब आणि दोन मीटर रुंद झाली. नियम करणाऱ्यांनी ती एवढी वाढू कशी दिली?

आणि तिसरं, तुमच्या मते कुठल्या मालिकेचे नियम सगळ्यात शहाणपणाचे? जाणकारांनी उजेड पाडावा.

चिकटपट्टी

वाचतोय. वाद होणार हे नक्की, म्हणून पहिल्या रांगेत जागा धरून ठेवली आहे.

पिटलेन_पंडित

तुमचा मित्र दोन वेगळ्या तराजूंवरचे आकडे वाचतोय, एवढंच.

फॉर्म्युला वनचं किमान वजन चालकासकट मोजतात. चालक, त्याचं हेल्मेट, पोशाख सगळं धरून, कोरड्या ट्रॅकचे टायर लावून, इंधन मात्र काढून. इंडीकारच्या त्या आकड्यात चालकही नाही आणि इंधनही नाही. तुमच्याकडे २०१८ चा आकडा आहे म्हणून त्याच सालातलं बघा: फॉर्म्युला वनचा आकडाही तेव्हा ७३५ च्या जवळपासच होता. कागदावर दोघी सारख्या. पण इंडीकारमध्ये चालक बसवला की ती सरळ ऐंशी-एक किलोने वर जाते. त्यानंतर २०२० मध्ये तिला एअरोस्क्रीन, म्हणजे चालकासमोरची संरक्षक काच आली, २०२४ च्या हंगामात मध्येच हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची जोड आली. दोन्हींनी वजन वाढलंच.

बाकीच्यांचंही तसंच. फॉर्म्युला ईचे ८४० चालकासकट आहेत. हायपरकारचे १०३० चालक आणि इंधनाविना. नॅसकारचा आकडा मुळात ३२०० पाउंड, तोही चालक आणि इंधनाविना. रॅलीत तर दोन माणसं बसतात आणि ११८० मध्ये ती दोघंही नाहीत.

सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं तर आधी प्रत्येक गाडीत माणूस बसवा, मग इंधन भरा. २०२५ च्या फॉर्म्युला वनला शर्यतीत जास्तीत जास्त ११० किलो इंधन वापरता यायचं, म्हणजे सुटताना गाडी नऊशेच्या वर. टीव्हीवर जे ८०० सांगायचे त्या वजनाची गाडी शर्यतीत फार तर शेवटच्या फेरीला दिसायची.

आळशी_अजगर

म्हणजे सकाळी उपाशीपोटी काट्यावर उभं राहून वजन सांगणारे तिथेही आहेत. बरं वाटलं.

जुनाट

पंडितजींशी सहमत. आकारावर मी लिहितो, कारण तो माझा दुखरा भाग आहे.

फॉर्म्युला वनच्या गाड्या १९९७ पर्यंत दोन मीटर रुंद होत्या. १९९८ ला वळणातला वेग कमी करायला त्या १.८ मीटर केल्या आणि टायरला चरे पाडले. २०१७ ला गाड्या दिसायला दणकट आणि पळायला वेगवान हव्यात म्हणून पुन्हा दोन मीटर. २०२६ ला १.९. म्हणजे रुंदीवर नियम कायम होता, फक्त तो पुढे-मागे हलत राहिला.

लांबीचं घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खात होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराला, म्हणजे व्हीलबेसला, २०२२ पर्यंत वरची मर्यादाच नव्हती. पुढचा पंख चाकांच्या किती पुढे जावा आणि मागचा किती मागे, हे बांधलेलं होतं, पण मधला पसारा मोकळा. मग काय, २०१० ला शर्यतीत इंधन भरणं बंद झालं, टाकी मोठी झाली. २०१४ ला हायब्रिड आलं, बॅटरी आली, तिला थंड ठेवायला जागा आली. त्यात गाडीचा तळ जितका लांब तितका हवेचा खालचा ओढा जास्त मिळतो, म्हणून संघांनी लांबी मुद्दाम वाढवली. मर्सिडीजच्या गाड्यांचा व्हीलबेस ३.७ मीटरच्या वर गेला होता. २०२२ ला ३६०० मिलीमीटरची रेघ ओढली, २०२६ ला ती ३४०० वर आणली.

आता वजनाचा प्रवास बघा. २००९ ला ६०५. २०१३ ला ६४२. २०१४ ला एकदम ६९१. २०१९ ला ७४३. २०२१ ला ७५२. २०२२ ला थेट ७९८. हे सगळे चालकासकटचे आकडे आहेत, म्हणजे इथे तुलना सरळ आहे. तेरा वर्षांत १९३ किलो! आणि आता ३२ किलो कमी केले म्हणून पाठ थोपटून घेतायत.

२००४-०५ च्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. छोट्या, चपळ, वळणात टाकल्या की डासासारख्या दिशा बदलायच्या. आजच्या गाड्या वेगवान आहेत, नाही म्हणत नाही, पण मोनॅकोत दोन गाड्या शेजारी मावत नाहीत. २०२४ ला तिथे पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. पुढच्या वर्षी टायर बदलायला दोनदा पिटमध्ये यायची सक्ती करून बघितली. गाडीचं दुखणं आणि औषध वेळापत्रकाला.

स्लिकटायर

जुनाटकाकांना प्रचंड अनुमोदन.

क्ष_किरण

जुनाट, तुमचा राग समजतो, पण त्या १९३ किलोंमध्ये काय काय आहे हे बघितल्याशिवाय दोष देणं बरोबर नाही.

२०१८ ला चालकाच्या डोक्याभोवतीचा हॅलो आला. टायटॅनियमची ती कमान स्वतः सात किलोंच्या आसपास, आणि तिचा भार पेलायला खालचा सांगाडा जाड करावा लागला तो वेगळा. तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली होती. २०२० ला बहरीनमध्ये ग्रोजाँ या चालकाची गाडी कठड्यात घुसून दुभंगली, पेटली, आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्यानंतर हॅलोला कुणी नाकापेक्षा मोती जड म्हटलेलं मी ऐकलं नाही.

२०२२ ची उडी मोठी वाटते, पण त्यात १३ इंचांवरून १८ इंचांवर गेलेली चाकं आहेत, चाकांवरची झाकणं आहेत, बाजूच्या आणि समोरच्या धडकेच्या कडक चाचण्या आहेत. धडकेतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गाडी जड झाली की ती धडक झेलणारा भाग अधिक मजबूत हवा, मजबूत केला की तो जड, की पुन्हा गाडी जड. प्रवासाला सामान वाढलं म्हणून मोठी बॅग घ्यावी आणि मोठ्या बॅगेत जागा दिसली म्हणून आणखी सामान भरावं, तसलं हे चक्र आहे. ते उलटं फिरवायचं तर एकदम सगळीकडून कापावं लागतं. २०२६ ला म्हणूनच व्हीलबेस, रुंदी, टायर हे सगळं एकत्र कमी केलंय. पुढचे टायर २५ मिलीमीटरने अरुंद, मागचे ३०.

आणि हे करताना विजेची ताकद ३५० किलोवॉटवर नेली आहे, म्हणजे मोटर, बॅटरी, तिची वायरिंग सगळ्यांवर ताण जास्त. अशा परिस्थितीत ३२ किलो कमी करायला सांगणं म्हणजे संघांच्या तोंडाला फेस. पाठ थोपटायला काही हरकत नाही.

जुनाट

सुरक्षेवर माझा आक्षेप कधीच नव्हता. सेना आणि रात्झेनबर्गर जिथे गेले तो १९९४ चा इमोला बघितलेला माणूस आहे मी. माझा आक्षेप हायब्रिडच्या वजनावर आहे. २०१३ वरून २०१४ ला एका झटक्यात जे ४९ किलो वाढले त्यात हॅलो नव्हता.

क्ष_किरण

मान्य. तो खर्च तंत्रज्ञानाचा आहे आणि त्यावर भांडायला जागा आहे. पण मग शंभर किलो इंधनात पूर्ण शर्यत काढणाऱ्या इंजिनांचं कौतुकही त्याच वहीत लिहा. आधी सुटताना दीडशे किलोंच्या आसपास इंधन घेऊन निघायचे. सुटतानाचं एकूण वजन धरलं तर २०१३ आणि २०१४ मध्ये जवळपास काहीच फरक पडला नाही.

पिटलेन_पंडित

हा मुद्दा फार जणांच्या लक्षात येत नाही. किमान वजनाचा आकडा इंधनाविना असल्यामुळे कमी पिणाऱ्या गाडीला त्यात काहीच श्रेय मिळत नाही.

रात्रपाळी

तुम्ही सगळे फॉर्म्युला वनमध्येच अडकलात. हायपरकारकडे या जरा, तिथे वजन या शब्दाला वेगळंच काम आहे.

ल माँच्या सगळ्यात वरच्या वर्गात दोन प्रकारच्या गाड्या एकत्र धावतात. एलएमएच, जिथे कंपनी सगळी गाडी स्वतः बांधते, आणि एलएमडीएच, जिथे सांगाडा डलारा, ओरेका, मल्टिमॅटिक किंवा लिजिए या चौघांपैकी एकाकडून घ्यावा लागतो आणि हायब्रिडचे भाग सगळ्यांना सारखे. पहिलीची लांबी ५ मीटरपर्यंत, दुसरीची ५.१ पर्यंत. रुंदी दोघींना २ मीटर. किमान वजन १०३०.

आता गंमत. १०३० ही फक्त सुरुवात. प्रत्येक गाडीला प्रत्यक्ष किती वजन वाहायचं हे आयोजक ठरवतात, सगळ्यांचा वेग जवळ आणण्यासाठी. याला बीओपी म्हणतात, बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स. २०२३ च्या ल माँच्या तोंडावर टोयोटावर ३७ किलो चढवले, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११, पोर्शेवर ३. शर्यत फेरारीने जिंकली आणि टोयोटाचे लोक आजही ते ३७ किलो विसरलेले नाहीत.

म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये किमान वजन ही जमीन आहे, तिच्या खाली जायचं नाही आणि सगळे तिला टेकायला धडपडतात. हायपरकारमध्ये वजन हा आयोजकांच्या हातातला स्क्रू आहे. दोन्ही आकडे एका तक्त्यात लिहिले तरी त्यांचं काम वेगळं आहे.

लंबवर्तुळ

आणि म्हणूनच ती स्पर्धा मला बघवत नाही. चांगली गाडी बांधली की पायात बेडी. मग बांधायची कशाला?

रात्रपाळी

कारण बांधली नाहीत तर शर्यतच होत नाही. हायपरकारच्या आधीचा वरचा वर्ग म्हणजे एलएमपी-१, त्याचे शेवटचे दिवस आठवा. ८७० किलोंच्या हायब्रिड गाड्या, पाण्यासारखा पैसा, आणि आधी ऑडी गेली, मग पोर्शे. टोयोटा एकटीच स्वतःशी शर्यत लावत बसली होती. आज तीच सुरुवातीची रांग कंपन्यांनी गच्च भरलेली असते. बेडी आवडत नसेल, पण मैदानात माणसं तरी आहेत.

नियम नसतील तर काय होतं तेही पोर्शेने दाखवून दिलंय. ९१९ हायब्रिड निवृत्त झाल्यावर २०१८ ला त्यांनी तिची एक मोकळी आवृत्ती काढली, इव्हो. शर्यतीत लागणारं सामान उतरवून ३९ किलो कमी केले, ८४९ वर आणली, इंधनाच्या मर्यादा उडवल्या, पंख मोठे केले. स्पा-फ्रँकोरशाँला तिने फॉर्म्युला वनमधल्या हॅमिल्टनच्या आदल्या वर्षीच्या पोल फेरीपेक्षाही, म्हणजे पात्रतेतल्या सगळ्यात वेगवान फेरीपेक्षाही, कमी वेळ घेतला. जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफच्या लांबलचक ट्रॅकवर टिमो बर्नहार्डने ५ मिनिटं १९.५ सेकंद. तीच गाडी, फक्त नियमांचं पुस्तक बाजूला ठेवलेलं.

आळशी_अजगर

३९ किलो उतरवले? मला त्यांच्या आहारतज्ज्ञाचा नंबर हवाय.

मृदगंधा

आहाराचा विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण यातली सगळ्यात वाईट गोष्ट गाडीच्या नाही, माणसाच्या वजनाची आहे.

चालकासकट वजन मोजायचं म्हटलं की त्याचा प्रत्येक किलो गाडीला महाग पडतो. हलका चालक असेल तर उरलेलं वजन टंगस्टनच्या ठोकळ्यांनी भरायचं आणि ते ठोकळे गाडीच्या तळाशी, हवे तिथे ठेवायचे. उंच चालकाचं वजन मात्र वर, छातीपाशी, हलवता न येणारं. दहा किलोंना फेरीमागे तीन दशांश सेकंद हा ढोबळ हिशेब धरा आणि सांगा, कुठला संघ उंच चालकाला आनंदाने घेईल?

२०१४ ला गाड्या अचानक जड झाल्या तेव्हा संघांना किमान वजन गाठताच येईना, आणि मग चालकांनी जेवण तोडलं. झाँ-एरिक व्हर्न डाएटच्या अशक्तपणामुळे रुग्णालयात गेला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. २०१९ ला शेवटी नियम आला: चालक आणि त्याची सीट मिळून किमान ८० किलो, कमी पडलं तर वजन सीटपाशीच भरायचं, तळाला नाही. २०२५ ला ते ८२ केलं. माझ्या मते सगळ्या नियमांत हा सगळ्यात माणुसकीचा नियम आणि तो यायला किती उशीर लागला.

लंबवर्तुळ

अमेरिकेत याच्या उलट बाजूने भांडण झालं होतं. २००५ ला डॅनिका पॅट्रिक इंडी ५०० ला चौथी आली, आणि रॉबी गॉर्डनने जाहीर केलं की ती एवढी हलकी आहे तोवर मी तिथे धावणार नाही. तेव्हा त्या मालिकेत चालकाला वगळून गाडी मोजायचे, म्हणजे हलक्या चालकाला उघड फायदा. पुढे २००८ ला चालकाच्या वजनाची भरपाई करणारा नियम आला.

गॉर्डनच्या बोलण्याचा सूर वाईटच होता. पण आकडेमोड म्हणून बघितलं तर नियमात भोक होतंच, ते तिच्यामुळे दिसलं इतकंच.

मृदगंधा

भोक होतं, मान्य. पण सडपातळ पुरुष चालक कित्येक वर्षं त्याच भोकातून जात होते तेव्हा कुणाला दिसलं नाही, हेही लिहून ठेवते.

चिकटपट्टी

मृदगंधा, +१.

स्लिकटायर

कुणी जरा फसवाफसवीवर लिहा ना. वजनाचा नियम म्हटलं की तो चुकवण्याच्या युक्त्या आल्याच.

जुनाट

बोलावणं आलं म्हणजे यावंच लागणार.

१९८२, ब्राझील. टर्बो नसलेल्या संघांनी गाड्यांमध्ये पाण्याच्या टाक्या बसवल्या, म्हणे ब्रेक थंड करायला. शर्यत सुटली की पाणी पहिल्या काही फेऱ्यांतच सांडून मोकळं, गाडी किमान वजनाच्या खाली. शर्यतीनंतर वजन करण्याआधी द्रव पदार्थ पुन्हा भरायला परवानगी होती, मग टाकी भरायची आणि काट्यावर साळसूदपणे उभं राहायचं. पिके पहिला आणि रोसबर्ग दुसरा आला होता, दोघेही बाद, विजय प्रॉस्टला. त्यावरून एवढा वाद पेटला की पुढे इमोलाच्या शर्यतीवर निम्म्या संघांनी बहिष्कार टाकला आणि जेमतेम १४ गाड्या धावल्या.

१९८४ ला टिरेलने याच्याही पुढची पायरी गाठली. इंजिनात पाणी फवारायची टाकी शर्यतीच्या शेवटी शेवटी पिटमध्ये भरून घ्यायची, आणि त्या पाण्यात शिशाच्या गोळ्या! तोवरची सगळी शर्यत गाडी हलकी पळायची. डेट्रॉइटला ब्रंडल दुसरा आला आणि तपासणीत भांडं फुटलं. संघाचे वर्षभराचे सगळे गुण गेले.

म्हणूनच आजच्या नियमात ‘कधीही’ वजन मोजलं तरी ते पुरं भरलं पाहिजे असं आहे.

पिटलेन_पंडित

आणि इंधन काढून मोजतात तेही यासाठीच. २०२४ चं स्पा बघा. रसेलने एकाच टायर बदलात शर्यत काढली आणि हॅमिल्टनच्या पुढे राहून जिंकली. शर्यतीनंतर गाडी काट्यावर चढवली, बरोबर ७९८. मग २.८ लिटर इंधन काढलं, पुन्हा मोजली, ७९६.५. दीड किलो कमी, बाद. विजय हॅमिल्टनला.

तेवढे दीड किलो गेले कुठे? बरंचसं रबरात असावं. एकच टायरचा संच इतका वेळ पळवला की तो झिजून हलका होतो. तळाखालची फळी घासते, चालकाचा घाम जातो. एरवी चालक शेवटची रेघ ओलांडल्यावर सावकाश येताना मुद्दाम मार्गाच्या कडेला जातात, तिथे पडलेले रबराचे तुकडे गरम टायरला चिकटतात आणि वजन थोडं वाढतं. पण स्पाला ती सावकाश फेरी पूर्ण मारत नाहीत, पहिल्या वळणापाशीच वळून पिटमध्ये परत येतात. म्हणजे रबर गोळा करायला जागाच नाही.

२०२५ च्या चीनमध्ये लक्लेर आणि गास्ली दोघेही एकेक किलोने बाद झाले. तिथे किमान ८००, हे ७९९. एवढ्या काठावर सगळे जगतात.

आळशी_अजगर

अवांतर: काट्याचाही विचार करा कुणीतरी. २०१८ ला ब्राझीलमध्ये पात्रता फेरी चालू असताना व्हेटेलला वजनाला बोलावलं. साहेबांना घाई. इंजिन चालू ठेवून काट्यावरून तसेच निघाले आणि काटाच मोडला. २५,००० युरो दंड. वजनकाट्यावरचा राग इतक्या थेटपणे व्यक्त करणारा दुसरा माणूस दाखवा.

चिकटपट्टी

😂😂 हे माहीत नव्हतं. मोठ्ठा माणूस.

लंबवर्तुळ

नॅसकारवर कुणी येईना म्हणून मीच येतो. तिथे किलोपेक्षा आकारावर पहारा कडक आहे. २०२२ पासूनच्या नेक्स्ट जेन गाडीची लांबी सुमारे ४.९१ मीटर, रुंदी २ मीटरला चार मिलीमीटर कमी, व्हीलबेस ११० इंच म्हणजे २.७९ मीटर. तुम्ही ज्याला अमेरिकन रणगाडा म्हणता तो फॉर्म्युला वनपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त आखूड आहे, बरं का.

तपासणीत गाडी एका तंबूत घेतात, तिच्यावर चहूबाजूंनी प्रकाशाची जाळी टाकून कॅमेऱ्यांनी पूर्ण आकार मोजतात आणि मूळ नकाशाशी ताडून बघतात. कुठे पत्रा फुगवलाय, कुठे दाबलाय, पडद्यावर रंगीत डाग दिसतो. २०२२ ला पोकोनोला डेनी हॅमलिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला. गाड्या उघडल्या तर पुढच्या भागावर वरच्या रंगीत आवरणाखाली टेपचे जादा थर. दोघेही बाद. तिसऱ्या आलेल्या चेस एलियटला विजय मिळाला, ज्याने त्या दिवशी एकही फेरी आघाडीवर काढली नव्हती. कपच्या शर्यतीत विजेता बाद व्हायची १९६० नंतरची ती पहिलीच वेळ.

टेपचे थर! त्याची जाडी ती केवढी. पण हवेला तेवढं पुरतं.

चिकटपट्टी

माझं सदस्यनाव या प्रकरणात विनाकारण गोवलं जात आहे.

वळणवेडा

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा भलताच रंगला. पंडितजींच्या पद्धतीने मी पुन्हा मांडणी करून बघितली. प्रत्येक गाडीत ८० किलोंचा माणूस बसवला, रॅलीत दोन. इंधन नाही.

२०२६ ची फॉर्म्युला वन ७६८, इंडीकार जुन्या आकड्यानेच ८१५ आणि आजची त्याहून जास्त, फॉर्म्युला ई जेन-३ ८४०, हायपरकार १११० आणि वर बीओपी, रॅली-१ १३४०, नॅसकार १५३० च्या पुढे.

म्हणजे मित्राचा दावा बाद. पण यात फॉर्म्युला ई मला चकवते. बॅटरीची गाडी असून ती इंडीकारच्या एवढी जवळ कशी?

क्ष_किरण

कारण तिला इंधन नाही! तुमच्या यादीत बाकी सगळ्या अजून टाकी भरायच्या आहेत, ती मात्र शर्यतीचं सगळं सामान आधीच पोटात घेऊन उभी आहे. इंडीकारची टाकी भरा आणि मग बघा कोण हलकी.

शिवाय जेन-३ मध्ये त्यांनी खरोखर कात्री लावली. जेन-२ चालकासकट ९०० किलो, जेन-३ ८४०. रुंदी १.७७ वरून १.७ मीटर, व्हीलबेस ३.१ वरून २.९७, कारण त्या गाड्या शहराच्या अरुंद रस्त्यांवर धावतात. आणि मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच ठेवले नाहीत. मागे ३५० किलोवॉट आणि पुढे २५० अशी वीज परत खेचून मोटरच गाडी थांबवतात. एक भाग दुसऱ्याचं काम करतो म्हणून तो दुसरा भाग काढून टाकायचा, वजन कमी करायचा हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे. रंग खरवडून काळं कार्बन उघडं ठेवण्यापेक्षा तर नक्कीच. २०२३ च्या मर्सिडीजचा काळा अवतार आठवा.

जुनाट

फॉर्म्युला ईचं कौतुक मला पचायला वेळ लागेल, पण जेन-३ चा आकार योग्य आहे हे मान्य करतो. शर्यत व्हायची तर दोन गाड्या शेजारी मावल्या पाहिजेत. तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: जी मालिका आधी रस्ता बघते आणि मग गाडीचा आकार ठरवते तिचे नियम शहाणे.

रात्रपाळी

माझं मत हायपरकारला. पाच मीटरच्या आत काय हवं ते बांधा. प्यूजोने तर आधी मागचा पंखच लावला नव्हता. इतक्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या गाड्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या मालिकेत आहेत?

लंबवर्तुळ

आणि २०२४ ला प्यूजोने पंख लावला, हे सांगायचं राहिलं.

रात्रपाळी

मुद्दामच राहिलं.

धुरळा

उशिरा आलो. रॅलीचं कुणी नीट लिहिलंच नाही, नुसतं ११८० लिहून पुढे गेलात.

हा आकडा २०२५ चा आहे. २०२२ ते २०२४ रॅली-१ गाड्यांमध्ये हायब्रिड होतं आणि किमान वजन १२६० होतं. मग ते हायब्रिड काढूनच टाकलं, ८० किलो उतरले, आणि त्या बदल्यात इंजिनाला हवा घ्यायचं तोंड ३६ मिलीमीटरवरून ३५ केलं, म्हणजे ताकद थोडी कमी. फॉर्म्युला वनमध्ये ज्याला तांत्रिकदृष्ट्या अशक्य म्हणतात ते इथे दोन हंगामांच्या मधल्या सुट्टीत झालं.

जुनाटकाका, तुम्ही चुकीच्या धाग्यात नाही, चुकीच्या खेळात आहात. आमच्याकडे या.

जुनाट

येतो, पण तुमच्याकडे गाडी एकेकटी सुटते. शेजारी मावण्याचा प्रश्नच काढून टाकलात की तुम्ही.

धुरळा

झाडांमध्ये मावायला लागतं, काका. ती बाजूला होत नाहीत.